मिलिंदचं नाव मी काढणार नाही

आधीच सांगतो, नंतर वाद नको. भूतखेत, भानामती, अंगात येणं... यातलं मी काहीही मानत नव्हतो आणि आजही मानत नाही. तरी जे झालं ते झालं.

२००५-०६ ची गोष्ट. हिंगोलीत एसटी डेपोच्या मागे, हळदीच्या एका आडतीच्या वरच्या मजल्यावर माझा कॉम्प्युटर क्लास होता. त्यासोबत मी मराठीत लिहिण्याच्या एका ओपन सोर्स सॉफ्टवेअरचं काम सांभाळायचो. पगार कोणालाच नाही. पुण्या-नागपूरचे लोक ईमेलवर कोड पाठवायचे, मी तो तपासून माझ्या मशीनवरच्या मूळ प्रतीत घालायचो. नियम एकच – ज्याने ओळी लिहिल्या, त्याचं नाव त्या ओळींवर. तेवढीच कमाई.

मिलिंद औंढ्याला शाळेत शिक्षक होता. त्याने एक दुरुस्ती पाठवली. लिहिताना लाइट गेली की आमच्या सॉफ्टवेअरमधली अख्खी फाइल रिकामी व्हायची, ती वाचवण्यासाठी. पुण्याच्या अभयने कळवलं, "आमच्याकडे असं होत नाही."

मिलिंदचा मला फोन आला. "सर, पुण्यात लाइट जातीच कुठं? आठ दिस औंढ्याला येऊन राहा म्हणावं त्यांना!"

अभय आमच्यातला सगळ्यात हुशार. त्याला दुखवायची माझी हिंमत नव्हती. मी दुरुस्ती घेतली नाही, उलट सगळ्यांना जाईल असा मेल लिहिला – "यूपीएस घ्या आणि बाकीच्यांचा वेळ वाचवा." लोक हसले. मिलिंदने पुन्हा काही पाठवलं नाही.

पुढे शबाना मॅडमनी सांगितलं. त्या माझ्याकडे टायपिंग शिकवायच्या, रोज औंढ्याहून यायच्या. "सर, आपको मालूम भी है, उसका क्या गया?" मिलिंदचे वडील गाणी रचायचे, गावोगावी म्हणायचे, पण कागदावर एकही नव्हतं. शेवटच्या आजारपणात त्यांनी ती सांगितली आणि मिलिंदने आमच्याच सॉफ्टवेअरमध्ये उतरवून घेतली. एक दिवस लाइट गेली, फाइल गेली. पाठोपाठ वडीलही. त्यानंतरच त्याने ती दुरुस्ती लिहिली होती.

हे कळूनही मी त्याला फोन केला नाही. लाज वाटत होती.

उन्हाळ्यातली दुपार. नवी आवृत्ती बाहेर पडायची होती आणि लाइट गेलेली. माझा स्वतःचा यूपीएस कधीचाच मेलेला होता. हसा, हरकत नाही. मिलिंद जिना चढून वर आला. शबाना मॅडम म्हणाल्या, "आओ सर, पानी लो." त्याने ग्लास रिकामा केला, माझ्या खुर्चीत बसला आणि टाइप करू लागला. समोर स्क्रीन काळी!

मला वाटलं, टोमणा मारून राहिलाय. "मिलिंद, लाइट नाही रे."

"माहीत हाय. तुमी बसा."

बराच वेळ कीबोर्ड वाजत होता. मग तो उठला. "झालं सर. आता जाऊ द्या लाइट." आणि जिना उतरून गेला. माफीचा शब्द माझ्या तोंडातच राहिला.

लाइट आली. मूळ प्रतीत नवा कोड होता, वर मिलिंदचं नाव. मी लिहिता लिहिता मुद्दाम प्लग उपटला, एकदा नाही, अनेकदा. फाइल शाबूत.

मी शाळेत फोन लावला. मिलिंदच बोलला. "मी सकाळपासून इथंच हाय सर, परीक्षा चालू हाय. हेडसरला देऊ का?" हेडसर म्हणाले, "व्हय, सकाळपासून इथंच हाय की! का, काय झालं?"

फोन परत मिलिंदकडे गेला. मी घडलेलं सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "सर, मन खात असंल तर सरळ माफी मागा. असलं नाटक काहून करून राहिले?"

मी तिथल्या तिथे माफी मागितली. तो फक्त "बरं" म्हणाला.

अभयचंही म्हणणं तेच – अपराधीपणापोटी मीच लिहिलं. "तुझं नाव टाक, नाहीतर ओळी काढ. नियम तूच केलास." अरे, मला तसा कोड लिहिता आला असता तर "यूपीएस घ्या" म्हणालोच नसतो! अर्धवट तुटलेल्या फाइलची शेवटची नीट प्रतही तो कोड परत आणायचा. हे मिलिंदच्या पहिल्या दुरुस्तीतही नव्हतं. आणि शबाना मॅडमनी पाणी कोणाला दिलं? त्या आजही शपथेवर सांगतात.

गाणी मात्र परत आली नाहीत. जुनी फाइल रिकामीच राहिली.

नावाबद्दल मी मिलिंदला विचारलं. म्हणाला, "ठेवायचं तर ठेवा. पर मी लिवलं न्हाई, हे बी सगळ्याला सांगा." म्हणून हे लिहितोय. तो आला नव्हता, हे मला मान्य आहे. तो आला होता, हेही. दोन्हींची सांगड मला अजून घालता आलेली नाही, आणि कोणी घालून दिली तरी पटेल असं वाटत नाही.

कोड खुला आहे. ज्याला ते नाव खुपतं, त्याने स्वतःची वेगळी प्रत काढावी आणि तिथून खुशाल पुसावं. तो तुमचा हक्क आहे. माझ्या प्रतीत ते राहील.