आक्कांच्या गोळ्या आणि गार प्लेटा

“मॅडम, रिपोर्ट लय चांगला आलाय म्हणं. सोमवारपासनं आक्काच्या गोळ्या बंद करतोय.”

फोनवर कोरेगावचे सुभेदार होते. फौजेतून रिटायर झाल्यावर त्यांनी पनीरच्या पाण्यापासून पावडर करायला घेतली होती. त्या पाण्यातल्या प्रोटीनचे एन्झाइमने बारीक तुकडे करतात. त्यांना पेप्टाइड म्हणतात. त्यांनी आतड्याचं अस्तर घट्ट होतं का, हे मी आमच्या सांगलीच्या लॅबमध्ये तपासत होते. सुभेदारांच्या थोरल्या बहिणीला, म्हणजे आक्कांना, आतड्याच्या सुजेचं जुनं दुखणं होतं.

“डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी सोडायची नाही,” मी म्हटलं. “आणि रिपोर्टवर माझी सही झालेली नाही. तुम्हाला कुणी सांगितलं?”

“तुमच्याच सायबांनी.”

चाचणी अशी असते. आतड्याच्या पेशींचा थर प्लेटमधल्या बारीक जाळीवर वाढवायचा आणि त्यातून जाताना वीज किती अडते ते मोजायचं. थर घट्ट, तर अडथळा जास्त. पावडरच्या प्लेटांत तो पावडर न घातलेल्या साध्या प्लेटांच्या सव्वापट आला होता. तिन्ही वेळा.

मी वही काढली. तिन्ही वेळा साध्या प्लेटा आधी मोजल्या होत्या, पावडरच्या नंतर. पेशी सदतीस अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये असतात. त्याचं दार सारखं उघडायला नको म्हणून मी सगळ्या प्लेटा एकदम बाहेर काढायची. घरी फ्रिजमधून दूध, भाजी, कोथिंबीर एकदम काढते, तसंच. पावडरच्या प्लेटांची पाळी येईपर्यंत वीस मिनिटं जात. तोवर त्या गार होत, आणि गार झाल्या की अडथळा आपोआप वाढतो. हे मी नव्या मुलींना शिकवते.

शनिवारी एकेक प्लेट काढून, क्रम बदलून, गरम असतानाच मोजली. फरक जवळपास गेला.

“थोडी वाढ आहे ना?” साहेब म्हणाले.

“एवढा फरक तर दोन साध्या प्लेटांतही पडतो, सर.”

“सुभेदारांची ‘आतड्यावर गुणकारी’ अशी पाकिटं छापायला गेलीत.”

“मग थांबवायला सांगा.”

सुभेदारांना मीच फोन केला. चूक माझी, असं आधी सांगितलं.

“म्हंजे पावडर वाया?”

“खायला चांगली आहे. औषध आहे असं मला म्हणता येणार नाही.”

“आक्काला इचारतो.”

संध्याकाळी त्यांचा फोन आला. “आक्का म्हणती, तू कितीबी सांगितलं असतंस तरी गोळी सोडणार न्हवते. पावडर खिरीत घाल म्हणती.”

पाकिटावर आता फक्त ‘प्रोटीन पावडर’ एवढंच छापतात. विक्री बेताची आहे.

मनाविरुद्ध आकडा आला की सगळेच पुन्हा मोजतात. मी आता मनासारखा आला तरी मोजते.