कवयित्रीची भीती

पडद्यांच्या दुकानात शिवणकाम करणाऱ्या तिला सगळे 'कवयित्री' म्हणत, अर्थात चेष्टेनं. जेवणाच्या सुट्टीत एका हातात घास, दुसऱ्या हातात पुस्तक. देवापायी सगळं सोडून गेलेल्या कवींचं वाचता वाचता तिलाही सुचायचं. 'हा देह ओवाळून टाकीन' असं ती लिहायची, वाचनालयात म्हणून दाखवायची, टाळ्याही घ्यायची.

मग दादाच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. दादा बस चालवायचा. वहिनीची किडनी जुळली नाही, हिची जुळली. वहिनीनं तिला मिठीच मारली. "ताई, तुमची कविता खरी झाली बघा!"

ती हसली खरी. पण त्या दिवसापासून मशीनवर सरळ शिवण येईना. कात्री दिसली की कूस आपोआप आकसायची.

डॉक्टरीणबाईंनी तिला एकटीला आत बोलावलं. "मनात नसेल तर सांगा. आम्ही 'जमत नाही' एवढंच कळवू. घरी कोणाला काही कळणार नाही."

"उद्या सांगते," ती कशीबशी म्हणाली आणि बाहेर येऊन जिन्यातच बसली. सुटकेचं दार उघडं होतं, त्याचीच तिला जास्त धास्ती वाटली.

घरी येऊन तिनं पुस्तकं उपसली. सगळे कवी हसत हसत जीव द्यायला निघालेले! शेवटी एका जुन्या कवयित्रीचं गाणं सापडलं. ती देवाला म्हणत होती, येते रे, पण पाय लटपटतायत, जरा हळू चाल. ते वाचून ती ढसाढसा रडली. तशीच दादाकडे गेली.

"दादा, मला फार भीती वाटते रे."

"मग नको देऊस," दादा लगेच म्हणाला. पाठोपाठ पुटपुटला, "मलाही वाटते."

"देणार आहे मी. फक्त मला कोणी शूर म्हणू नका."

ऑपरेशनच्या सकाळी तिला एकही ओळ आठवेना. दातावर दात आपटत होते. तिनं नर्सचं बोट घट्ट धरलं, ते भूल चढेपर्यंत सोडलं नाही.

दादाला गुण आला. तिची कूस मात्र बरेच दिवस ठणकत राहिली. वाचनालयानं सत्काराला बोलावलं, तेव्हा तिनं साफ नाही सांगितलं आणि दादाला सूप पाजायला गेली.