चिंचोक्याची खळ

परीक्षा संपल्या आणि दुसऱ्याच दिवशी मी साताऱ्यातल्या एका छोट्या हॉलमध्ये भिंतीला खिळे ठोकत उभी होते. वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी माझं स्वतःचं असं पहिलं प्रदर्शन. कोरेगावच्या शाळेत मी चित्रकला शिकवते. वीस वर्षं मुलांना पाण्याचे रंग कालवून दाखवले, पण माझ्या हाताला खरी गोडी लागली ती लोकरीची. काळी, करडी, मळकट पांढरी, मेंढीच्या अंगावर असते तशीच, न रंगवलेली. दोन वर्षांपूर्वी सुताराकडून लाकडी चौकट करून घेतली आणि मोबाइलवर व्हिडिओ बघत बघत विणायला शिकले.

दारासमोरच्या भिंतीवर माझं सगळ्यात मोठं काम होतं. सात फूट उंच, रविवारी-रविवारी बसून आठ महिने विणलेलं. नाव ‘पठार’.

तिसऱ्या दिवशी दुपारी हॉल रिकामा होता. तिथले रखवालदार सैन्यातून निवृत्त झालेले, मूळचे जतकडचे. ते माझ्याशेजारी येऊन उभे राहिले.

“मॅडम, तुमचं घोंगडं खाली उतराय लागलंय.”

“घोंगडं नाही ते. चित्र आहे,” मी म्हणाले. जरा तुसडेपणानंच.

“असंल. पण परवा त्याच्याखालनं झाडू जात हुता. आज न्हाई जात.”

मी वाकून बघितलं. खालची कड फरशीला टेकायला आली होती आणि मधोमध पोट सुटलं होतं.

“उभ्या धाग्याला खळ दिली न्हाई व्हय?” त्यांनी विचारलं.

“कसली खळ?”

त्यांनी हसू आवरलं. “चिंचोक्याची. त्यानं धागा ताठ ऱ्हातो. माझ्या चुलतीनं जल्मभर तेच केलंय. पुढच्या आयतवारी आमच्या गावची जत्रा हाय. या तिकडं. दुकान बी लावा.”

उरलेले दिवस मी रोज सकाळी खिळे वर सरकवत राहिले. लोक आले, कौतुक करून गेले. पेपरात ‘पठार’चा फोटोही आला. पण कुणी चांगलं बोललं की माझी नजर आधी खालच्या कडेकडे जायची.

रविवारी गाठोडं घेऊन निघाले. विट्याला गाडी बदलली आणि ऊन चांगलंच तापल्यावर त्या गावात उतरले. जत्रा गावाबाहेरच्या माळावर होती. पलीकडे कुस्त्यांच्या फडात हलगी कडाडत होती, अलीकडे पाळणे आणि बर्फाचे गोळे. एका कासारणीच्या शेजारी मी चादर अंथरली आणि माझ्या लोकरीच्या वस्तू मांडल्या. पुस्तकात ठेवायच्या खुणा, किल्ल्यांना लावायचे गोंडे, छोट्या मेंढ्या. वैशाखातलं ऊन. लोकरीला हात लावायलाही कुणी तयार नव्हतं.

“आवं बाई, थंडीत यायचं हुतं की,” कासारीण म्हणाली आणि मला आपल्या छत्रीखाली सरकवून घेतलं.

दुपारी एक सत्तरीच्या बाई समोर येऊन बसल्या. काटक अंगाच्या, हिरवं लुगडं, हातावर गोंदण. त्यांनी एक मेंढी उचलली आणि उलटीपालटी करून बघितली.

“हे काय हाय?”

“मेंढी.”

“शेपूट बघा की केवढं. मेंढी हाय का कुत्रं?”

कासारीण खो खो हसली. मलाही हसू फुटलं. मग त्या बाईंनी सांगितलं, “पुतण्याचा फोन आलता. चित्र लोंबतंय म्हणं तुमचं.”

हीच ती चुलती. मी मोबाइलवर फोटो दाखवला. त्यांनी तो डोळ्यांपासून लांब धरून बराच वेळ बघितला.

“रंग ब्येस बशिवल्यात. पर उभा धागा उपाशी हाय.”

“मग आता खळ लावली तर?”

“आता वरनं फासून काय उपेग? उसवा.”

मी मोबाइल परत घेतला. तीन आठवड्यांनी सांगलीला दुसरं प्रदर्शन होतं. तिथल्या आयोजक बाईंनी ‘पठार’ बघूनच मला बोलावलं होतं. “विचार करते,” एवढंच म्हणून मी परतले.

घरी दोन दिवस ते काम जमिनीवर पसरून त्याच्याभोवती फिरत होते. कात्री घेतली, परत ठेवली. तिसऱ्या दिवशी त्याची गुंडाळी केली, चौकट सुटी करून बांधली आणि पुन्हा जतची वाट धरली. एकटीनं उसवायचा धीर नव्हता.

मावशींच्या दारात लिंबाचं झाड होतं. (मी त्यांना आता मावशी म्हणायला लागले होते.) सावलीत ‘पठार’ अंथरलं. एका बाजूला त्या, दुसऱ्या बाजूला मी. वरची कड मी कापली आणि पहिला आडवा धागा ओढला. तो आकाशाचा होता, पांढरा. चार-पाच धागे निघाले आणि मला रडू आलं. मावशींनी वर बघितलंही नाही.

“गुंडाळत जा,” त्या म्हणाल्या. “न्हाईतर गुता हुईल.”

दोन दिवस लागले. मी मावशींकडेच मुक्काम टाकला. फोटोत आलेला डोंगर, त्याच्या कुशीतली करडी सावली, सगळ्याची गोळ्यांची टोपली झाली. रडू पहिल्या तासातच संपलं होतं. नंतर नंतर तर त्या कामाला एक लय आली आणि आम्ही बोलायला लागलो. मावशींचा नवरा विणायचा आणि त्या सूत काढायच्या, खळ लावायच्या. तो गेल्यावर माग मोडून गेला, पण चरखा त्यांनी ठेवला होता. माझ्यासाठी नव्या उभ्या धाग्याचं सूत त्यांनीच काढलं.

मग खळ. चिंचोके भिजवायचे, टरफलं काढायची, वाटायचे आणि मंद आचेवर शिजवायचे. पाणी टँकरचं. आधी पिण्याचं, मग जनावरांचं, आणि राहिलं तर खळीचं, असा त्या घरातला नेम. पहिली खळ मी करपवली. दुसरीत गुठळ्या झाल्या. पाणी वाया गेलं म्हणून मला मान वर करवेना. मावशींनी नुसती बादली उचलून दुसरीकडे ठेवली. तिसरी खळ त्यांनी दोन बोटांत धरून ताणली. “ही चालंल.” ताणलेल्या धाग्यांवर आम्ही ती कुंच्यानं फिरवली आणि उन्हात वाळवली. धागे मोजताना मावशी कानडीत मोजायच्या आणि माझं चुकलं की मराठीत ओरडायच्या. या सगळ्यात त्यांनी मला ‘तुमी’वरून ‘तू’वर कधी आणलं ते कळलंच नाही.

सांगलीच्या प्रदर्शनाला पाच दिवस उरले, तेव्हा चौकटीवर जेमतेम वीतभर विणून झालं होतं. मी आयोजक बाईंना फोन लावला. नाही म्हणून सांगणार होते.

“काय झालं?” मावशींनी विचारलं.

“काम कुठं झालंय? नेणार काय?”

“चौकट ने की. तितंच इणू.”

पलीकडून उचलायच्या आत मी फोन बंद केला. “तुम्ही याल?”

“जेवाय घालणार असशील तर येते.”

सांगलीच्या त्या हॉलमध्ये इतरांची चित्रं सोनेरी चौकटींत लागली होती आणि आयोजक बाईंनी मोकळ्या करून दिलेल्या कोपऱ्यात आमची लाकडी चौकट. मावशींनी खुर्ची नाकारली, फरशीवर बसल्या आणि चरखा पुढ्यात घेतला. पहिला दिवस लोक आम्हाला वळसा घालून जात होते. दुसऱ्या दिवशी विट्याकडची एक बाई आली. नवऱ्याचं सोनं गाळायचं दुकान कोइमतूरला, ती सुट्टीला माहेरी आलेली. तिची दहा वर्षांची मुलगी मावशींच्या शेजारी मांडी घालून बसली आणि सूत काढायला लागली. धागा सारखा तुटायचा. मावशी तो जोडून द्यायच्या आणि मोजायच्या, “ओंदु, एरडु, मूरु.”

मुलगी थबकली. “आमच्याकडं तमिळमध्ये ओण्णु, रेंडु, मूणु म्हणतात!”

“मूरु,” मावशी म्हणाल्या.

“मूणु,” मुलगी म्हणाली. दोघी हसत सुटल्या. मुलीची आई चप्पल बाजूला काढून खाली बसली. मग आणखी कोणी बसलं. चौथ्या दिवशी आमच्याभोवती एवढी माणसं होती, की आयोजक बाईंना सतरंजी आणावी लागली. चित्रकार मंडळीही आपली चित्रं सोडून तिथं यायची. मी विणत होते आणि सांगत होते की हे माझं एकदा उसवून झालंय. साताऱ्यात ही गोष्ट मी कुणाला सांगितली नसती.

शेवटच्या दिवशी काम निम्म्यावर आलं होतं. शेजारच्या पाटीवर काय लिहायचं, असं आयोजक बाईंनी विचारलं. मी मावशींचं नाव सांगायला लागले, तशी त्यांनी माझा हात दाबला.

“नाव कशाला? गाव लिव्ह.”

म्हणून दोन गावं लिहिली. त्यांचं आधी, कोरेगाव नंतर.

शाळा सुरू झाल्यावर राहिलेलं मी घरी विणलं. पहिल्यापेक्षा हे उंचीला निम्मं आणि जरा रांगडं झालं. डोंगर कमी, माळ जास्त. आषाढात ते शाळेच्या वाचनालयात लावलं. मुलं येता-जाता हात लावतात, मी अडवत नाही. मावशींना बघायला बोलवावं म्हणून एका सकाळी फोन केला.

“आता कुठलं येतीय?” त्या म्हणाल्या. मागून बैलांना हाकारल्याचा आवाज येत होता. “बाजरीची पेरणी चाललीया. तुझं तू बघ.”

शाळेची घंटा झाली. मी फोन पर्समध्ये ठेवला आणि सातवीच्या वर्गावर गेले.