फोड कशाने आला

पेणला आमच्या घरी उन्हाळ्यात तांदळाचे पापड होतात. यंदा सासूबाईंनी उकडीच्या टोपावरचं झाकण घाईत उचललं आणि वाफेने त्यांचा उजवा हात भाजला. मी धावत गेले तर त्या तोच हात चुलीजवळ नेत होत्या. आधी वाटलं, तोल गेला. पण नाही, मुद्दाम नेत होत्या.

"शेकू दे गो. चटका इस्तवच ओढून घेतो."

मी त्यांना ओढत मोरीत नेलं आणि हात नळाखाली धरला. नवरा डोलवीला पोलादाच्या कंपनीत आहे. भाजल्यावर काय करायचं ते तिथे शिकवतात आणि शिफ्टवरून आला की तो आम्हाला शिकवतो.

"सोड! पाणी लागलं की फोड येतात, ठाव नाय तुला?"

मी सोडलं नाही. आणि संध्याकाळी फोड आले, चांगले टपोरे. सासूबाईंनी हात माझ्यापुढे धरला आणि तसाच धरून ठेवला. बोलल्या असत्या तर मी भांडले तरी असते.

डॉक्टर म्हणाले, पाण्याने बरंच वाचलं, फोड वाफेचे आहेत. त्यांनी मलम दिलं, पट्टी बांधली, फोड फोडायचे नाहीत म्हणून बजावलं. "आणि रोज मूठ वळायला लावा, नाहीतर कातडी आखडेल."

इथेच घोडं अडलं. दुखतं म्हणून त्या मूठ वळेनात. जखम भरली, कातडी गुलाबी झाली, पण बोटं अर्ध्यावर थांबायची. भाकरी थापता येईना, घास धरता येईना. डाव्या हाताने चमचा धरून जेवायला बसल्या की मी उगाच पाणी आणायला उठायचे. डॉक्टरांचं पटत होतं. तरी आळीतली प्रत्येक बाई येऊन "पाणी घातलं ना, म्हणून" म्हणून जायची, तेही थोडं थोडं पटायचं. कुणी टूथपेस्ट सांगितली, कुणी शाई, कुणी किसलेला बटाटा. मी सगळ्यांना हो म्हणत होते आणि काहीच लावत नव्हते.

शेवटी सासूबाईंच्या हट्टाखातर रोह्याच्या वैद्यांकडे गेलो. त्यांनी पुन्हापुन्हा पाण्यात धुतलेलं, लोण्यासारखं पांढरं तूप दिलं. "आता कातडी मिटलीय म्हणून देतोय. उघड्या जखमेवर दिलं नसतं. हे लावून हलकं चोळा आणि मूठ वळा."

मी लगेच विचारलं, "भाजल्याबरोबर पाणी की शेक?"

"पाणी."

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी वैद्यांकडे. "म्हंजे शेक खोटा?"

"जुन्या ग्रंथांत वरवरच्या चटक्याला शेकही सांगितलाय," ते म्हणाले. "पण मी कुणाला सांगत नाही."

परतीच्या गाडीत आम्ही दोघी जिंकल्यासारख्या बसलो होतो. मी एक उत्तर आणायला गेले होते, दोन घेऊन आले. फोड कशाने आला ते नागोठणं गेलं तरी मला ठरवता येत नव्हतं. घरी मात्र रोज तूप चोळत होते, मूठ वळा म्हणत होते, आणि त्या "बघू" म्हणून हात पदराखाली घेत होत्या.

श्रावणात मी पुऱ्या तळत होते. तेल उडून माझ्या बोटांवर आलं. मी ओरडायच्या आत सासूबाईंनी माझं मनगट पकडलं, मोरीत नेलं आणि नळ सोडला.

"पाणी लागलं की फोड येतात," त्या पुटपुटत होत्या.

"मग सोडा की!"

"गप ऱ्हा."

मी हात ओढून पाहिला. सुटेना. खाली बघितलं तर उजवा हात होता त्यांचा. करंगळीसकट पाचही बोटं माझ्या मनगटावर घट्ट वळली होती. मला रडूच फुटलं.

"जास्ती आग होते काय गो?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली. हो म्हणाले की नाही, ते माझं मलाच कळलं नाही.