मालक उठून गेले तरी चेंडू चालू होता

भांडवलशाही कशी सुधारायची, यावर मी कुणालाही फुकट सल्ला देतो. हे ज्ञान मला सोलापुरात, मालकांच्या सोफ्यामागं उभ्यानं मिळालं.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. बी.ए.ला दोनदा नापास होऊन मी एका यंत्रमाग कारखान्यात कारकून झालो होतो. खाली टॉवेल विणणारे माग, वर मालकांचं घर. घरात टीव्ही होता, पण गावात तेव्हा टीव्हीवर काही दिसतच नव्हतं. नुसत्या मुंग्या. पाहुण्यांना चहाबरोबर त्या मुंग्या कौतुकानं दाखवल्या जात. मग मालकांचा मेहुणा कुवेतहून आला आणि त्यानं टीव्हीला एक डबा जोडला. मुंग्या गेल्या. काळ्या पडद्यावर दोन कडांना दोन पांढऱ्या फळ्या आणि मधे चौकोनी चेंडू. हातातली चकती फिरवली की आपली फळी वरखाली व्हायची. चेंडू चुकला की समोरच्याला गुण.

मालक वेडे झाले. आठ दिवसांत घरातले सगळे त्यांच्याकडून हरले, आणि त्यानंतर घरात कुणाला खेळायला वेळ मिळेना.

त्याच आठवड्यात त्यांनी चारच्या चहाची सुट्टी दहा मिनिटांवरून पाचावर आणायचं काढलं. आमचे युनियनवाले कॉम्रेड तावातावानं वर गेले. मालकांनी हातातली चकती खाली ठेवली नाही.

"असं करा की," मालक म्हणाले, "तुमचा एक माणूस पाठवा. त्यानं आधी पंधरा गुण केले तर दहा मिनिटं कायम. मी केले तर पाच."

कामगारांचे हक्क जुगारावर लावता येत नाहीत, असं कॉम्रेडनी ठणकावून सांगितलं, आणि खाली येऊन लगेच तयारीचा गडी शोधायला लागले.

सगळ्यांच्या नजरा मामांवर गेल्या. मामा तेलुगू घरातले विणकर, साठीला टेकलेले. तीस वर्षं मागावर सूत घेऊन इकडून तिकडं धावणारा धोटा बघून त्यांची नजर घारीसारखी झाली होती आणि पायांच्या शिरा दोरखंडासारख्या. दिवसभर चार मागांमधून उभ्यानं फेऱ्या. चहाच्या दहा मिनिटांत तेवढे भिंतीला टेकून बसायचे. पाच मिनिटं म्हणजे त्यांचं बसून होईपर्यंतच उठायची वेळ.

चार वाजता आम्ही वर गेलो. डब्याबरोबर आलेला नियमांचा इंग्रजी कागद वाचता येतो म्हणून मी पंच. मामांना सोफ्यावर बसवलं. ते आधी कडेला टेकले, मग हळूहळू मागं सरकत पार आत गेले.

पहिले तीन गुण मालकांचे. मग मामांना चकती कळली. त्यांनी चेंडू असा सरळ पाठवायला सुरुवात केली की तो मालकांच्या फळीच्या बरोबर मधे जायचा आणि तसाच सरळ परत यायचा. टुक. टुक. मालकांनी फळी हलवून बघितली. मामांनी पुन्हा चेंडू तिच्या मध्यावर आणून दिला. पाच मिनिटं झाली, दहा झाली. गुण कुणालाच नाही.

जिन्यात गर्दी करून सगळा कारखाना चहा पीत होता. कॉम्रेड तिथंच भाषणाला लागले. "बघून ठेवा. हे उद्या घराघरात येणार. माणूस दिवसभर धोटा मारणार, कापड निघणार न्हाय, आणि वर पैसे बी त्यानंच द्यायचे."

मी हसलो. "ज्यातनं साधा टॉवेल निघत नाही, ते विकत कोण घेईल?"

आज माझी दोन्ही पोरं माझ्याच पैशानं आणलेला असला डबा घेऊन दिवसभर बसतात. कॉम्रेडसमोर मी हा विषय काढत नाही.

अर्ध्या तासानं मालकांनी कान टवकारले. "खाली आवाज का नाही?"

"सगळे वर आलेत की," मी म्हणालो.

मालकांनी चकती सोफ्यावर टाकली आणि गर्दीतून वाट काढत जिना उतरले. पडद्यावर मात्र टुक, टुक चालूच. मालकांची फळी जागच्या जागी उभी, आणि चेंडू तिला लागून शहाण्यासारखा परत येत होता.

कॉम्रेड हर्षानं लाल झाले. "मालकाशिवाय चालतंय. बघा, कसं बिनबोभाट चालतंय. मामा, आता मारा. समोर कुणी न्हाय. पंधरा गुण करून टाका."

मामांनी ऐकलंच नाही. टुक.

"मामा, तुम्ही कुणाच्या बाजूचे?"

"आरं, मारला की संपलं. संपलं की उठावं लागंल," मामा म्हणाले. डोळे पडद्यावर, पाठ सोफ्याला.

मालक दारात परत आले होते. त्यांनी ते ऐकलं. भिंतीपाशी गेले आणि बटण बंद केलं. मामा उठले, गुडघे धरून, दोन दमात.

पंच म्हणून मी निकाल दिला: तीन-शून्य, डाव अपुरा, सबब चहा पूर्वीसारखा. मालकांनी हुज्जत घातली नाही. दुसऱ्या दिवशी मागांच्या मधे एक लाकडी स्टूल आलं, एक पाय आखूड असलेलं. हा मालकवर्गाचा डाव आहे, कामगारांना गोड बोलून झोपवायचा, असं कॉम्रेडनी बजावलं.

ते त्यांनी स्टुलावर बसून बजावलं. मामा शेजारी उभे राहून, ते कधी उठतात याची वाट बघत होते.