ट्रकलाच विचारा

महापेच्या ऑफिसात माझ्या शेजारी बसणारी ती मुलगी खाडीकाठच्या गावातली. चपला काढून खुर्चीवर मांडी घालायची आणि कोडमधल्या ट्रक, गोदाम अशा वस्तूंबद्दल त्या जिवंत माणसं असल्यासारखं बोलायची. मालवाहतुकीचं सॉफ्टवेअर होतं. मी जुन्या वळणाचा, एकाच लांबलचक प्रोग्रॅममध्ये सगळी कामं कोंबायचो.

“काका, सगळं तुमीच का करता? ट्रकलाच विचारा, जागा हाय का. त्याचं त्याला म्हाईत.”

प्रत्येक वस्तूला तिचं तिचं काम सोपवायची ही नवी पद्धत मला जमेना, तेव्हा साहेब मला टीममधून काढायला निघाले. ती म्हणाली, “नको सर, शिकतायत ते.” मग रोज शिकवायची, पण माझ्या कीबोर्डला तिने कधी हात लावला नाही.

अखेर माझा ट्रकचा ‘क्लास’, म्हणजे प्रोग्रॅममधला ट्रकचा स्वतंत्र भाग, नीट चालला. आपल्यात किती जागा आहे, ते तो स्वतःच सांगू लागला. तिने साहेबांना हाक मारली, “काकांनी केलंय, बघा.” साहेब येईपर्यंत ती चहाला निघून गेली होती.