न मोजलेली मेंढरं

आमच्या घरात मेंढरं मोजत नसत. निमोण्यातली आम्हा धनगरांची बहुतेक घरं केव्हाच शेतीला लागली होती, पण आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कळप सोडला नव्हता. कुणी विचारलं, "किती हायेत?" तर आबा म्हणत, "हायेत की, देवाच्या दयेनं." मोजलं की दृष्ट लागते, अशी आमची समजूत. आणि मोजायची गरज तरी कुठं होती? दिवस मावळताना मेंढरं जाळीच्या वाघरात शिरायची, आबा नुसते बघत उभे राहायचे आणि मधेच म्हणायचे, "काजळी मागं ऱ्हायली." काजळी मागं राहिलेलीच असे.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी रांजणगावला एका परदेशी कंपनीत लागलो. मशीनमधून प्लास्टिकचे पार्ट पडायचे आणि दर तासाला त्यांचा आकडा फळ्यावर लिहायचा. सुपरवायझर लांबूनच ओरडायचा, "काउंट बोलो!" आकडा कमी भरला की पुढचा तासभर तो माझ्या मानगुटीवर. महिनाभरात मला मोजायचं वेडच लागलं. ताटातल्या भाकरी, बसमधली माणसं, रस्त्याकडेचे खांब, काही सोडलं नाही. त्याची मला ऐटही वाटायची, हे कबूल करतो.

त्याच ऐटीत एका संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरलो, वाघराशी आलो आणि आत शिरणारी मेंढरं बोट नाचवत मोठ्यानं मोजायला लागलो. बाविसापर्यंत पोचलो तोच आबांची काठी पोटरीवर बसली. नोकरीला लागलेल्या पोराला बापानं मारलं! माझं डोकंच फिरलं.

"आबा, जग कुठं चाललंय आन् तुम्ही कुठं हायेत!"

"जग जाऊ दे. माझ्या मेंढरांकडं बोट करू नगं."

आठवड्याच्या आत दोन मेंढ्या दगावल्या. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, साथ आहे. आई माझ्याकडं बघायची, बोलायची मात्र काही नाही. आबाही बोलले नाहीत. त्या गप्प बसण्याचा मला फार राग यायचा, कारण मनातून मीही त्यांच्याइतकाच घाबरलो होतो.

पुढच्या दोन-तीन वर्षांत रांजणगावच्या अंगाचं चराऊ रान तारेच्या कुंपणात गेलं. खतासाठी शेतात मेंढरं बसवायला आबा पार राहू गावाकडं जायचे, तिथं जिकडंतिकडं ऊस झाला, मोकळं शेत उरलं नाही. त्यात आबांचे गुडघे गेले. कळपामागं चालू शकेल असा मी एकटाच उरलो होतो, आणि मला कंपनीनं परमनंट केलं.

"दोन दगडांवर पाय ठिवू नगं," आबा म्हणाले. "जा तू कामाला. मेंढरं इकू."

मी नको म्हणालो नाही. नोकरी मला हवीच होती.

व्यापारी ट्रक घेऊन आला. फळीवरून एकेक मेंढरू चढवताना पाठीवर थाप मारून तो मोजायला लागला. आबा उठून लांब बांधावर जाऊन बसले, आमच्याकडं पाठ करून. मी ट्रकपाशीच उभा होतो. तोंड मिटलेलं, पण आत आकडे चालूच. हात लावून थांबवावेत असं वाटत होतं, थांबत नव्हते.

ट्रक डांबरीला लागल्यावर मी आबांजवळ जाऊन बसलो. त्यांनी हातातली काठी बाजूला ठेवली. मग म्हणाले, "किती हुती रं?"

जन्मात पहिल्यांदा त्यांनी हे विचारलं होतं.

"मोजली न्हाईत, आबा."

"खोटं बोलू नगं. वळखतो मी तुला. सांग, आता कुनाला दिष्ट लागनार हाय?"

मी आकडा सांगितला. आबांनी तो पुटपुटून पाहिला. मला रडू आवरेना.

"येवढीच व्हय?" ते म्हणाले. "मला लई वाटायची."